वापरलेले साधन : काहील

२५ जानेवारी २०२० हा चौथा शनिवार होता, म्हणजे कागदोपत्री सुट्टी. पण त्याच दिवशी राष्ट्रीय मतदार दिन आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाचे ध्वजारोहण, त्यामुळे आमच्या तहसील कार्यालयात सुट्टीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका तालुक्यात नायब तहसीलदार होते. आदल्या ऑगस्टच्या महापुरात जिवावर उदार होऊन लोकांना बाहेर काढणाऱ्यांचा सत्कार ध्वजारोहणानंतर व्हायचा होता. सोनेरी किनारीची पंचवीस प्रशस्तिपत्रे छापून आली होती, शाली आल्या होत्या, शिपाई नारळ आणायला बाजारात गेला होता. यादी मी केली होती आणि ती वेळेत पूर्ण झाली याचे मला समाधानही होते.

साडेदहाच्या सुमारास नगरपालिकेच्या अग्निशमन विभागातला एक फायरमन आपले निमंत्रण न्यायला आला. पुरात तालुक्याच्या हाती असलेली एकमेव फायबरची बोट तो आणि त्याचे दोन सहकारी चालवत होते. त्याने प्रशस्तिपत्रावरचा मजकूर उभ्या उभ्या वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि कागद हलकेच माझ्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, नाव बरोबर आहे, पण गाव चुकलंय. सहा तारखेला आम्ही या गावात गेलोच नव्हतो. दिवसभर नदीच्या पलीकडच्या अंगाला होतो. हे त्रेचाळीस लोक आम्ही नाही काढले.”

खरे तर त्याला गप्प बसता आले असते. शाल-श्रीफळ घेऊन तो घरी गेला असता, तर कोणी विचारायला येणार नव्हते. तो खरे बोलतो आहे हे मला सांगण्याची गरज नव्हती, कारण ६ ऑगस्टला त्या गावात मी स्वतः होते. ते त्रेचाळीस जण बोटीतून आले नव्हते. ते गुळाच्या काहिलीतून, म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या मोठ्या पसरट कढईतून, आले होते. आणि ‘शासकीय बोट’ हे शब्द माझ्याच अहवालातून प्रशस्तिपत्रावर उतरले होते.

त्या आठवड्यात काय परिस्थिती होती ते बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते आणि नदीकाठच्या गावागावांत लोकांनी त्या पाण्याची खूण भिंतींवर जपून ठेवली होती. त्या खुणेनेच २०१९ मध्ये घात केला. “पाचच्या खुणेच्या वर पाणी येत नसतं,” असे सांगून माणसे माळ्यावर धान्य चढवून घरातच बसून राहिली, आणि या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. पुण्याजवळच्या सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या, नौदल, लष्कर सगळे आले आणि त्यांनी मोठे काम केले. परंतु प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीवर एकाच वेळी कोण पोहोचणार? पहिले काही तास, काही ठिकाणी पहिले दोन दिवस, जे काही झाले ते गावातल्याच माणसांनी हाताशी असेल त्या वस्तूने केले.

त्या दिवशी दुपारी तलाठी, कोतवाल आणि मी ट्रॅक्टरने पाण्याच्या काठापर्यंत पोहोचलो, तेव्हा समोर तीनशे मीटरवर मळ्यातली वस्ती बेटासारखी दिसत होती. मी नियंत्रण कक्षाला बोट मागितली. बोट दुसरीकडे होती आणि ती कधी मिळेल हे सांगणे शक्य नव्हते. तेवढ्यात चार पोरे एक काहील खांद्यावरून घेऊन आली. त्यांच्या मागे गुऱ्हाळाचे मालक, पासष्टीचे, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. ऑगस्टमध्ये गुऱ्हाळे बंद असतात आणि काहील पालथी पडलेली असते. नदीकाठी ती पावसाळ्यात होडीच्या कामी येते, हे मी ऐकून होते, पण सरकारी माणूस म्हणून तिच्याकडे पाहण्याची वेळ आली नव्हती.

काहिलीला पुढचे टोक नाही, तळाला धार नाही. ती पाण्यात सोडली की गरगर फिरते. म्हणून चार पोहणारे चार बाजूंच्या कड्या धरून ती ढकलत नेतात. आत तिघे, फार तर चौघे, तेही बरोबर मध्यावर उकिडवे. पलीकडे एक म्हातारी बसायला तयार होईना, तेव्हा तिला धीर देण्यासाठी मी पहिल्या खेपेत गेले. ओल्या पत्र्यावर पाय ठरत नव्हता. “मधी बसा बाईसाहेब, काठाला हात लावू नका,” तात्या काठावरून ओरडत होते. मान वर केली तर विजेची तार हाताच्या अंतरावर. गावच्या वायरमनने सकाळीच गळाभर पाण्यात जाऊन डीपीचे फ्यूज काढून ठेवले होते म्हणून तिच्याखालून जाता आले. उसाचे फक्त शेंडे दिसत होते. विहीर कुठे आहे ते त्या पोरांनाच ठाऊक होते आणि ती वळसा घालून जात होती. दहाव्या की अकराव्या खेपेला पाण्याखाली बुडालेल्या द्राक्षबागेच्या मांडवाचा अँगल काहिलीच्या बुडाला लागला आणि पत्रा वीतभर फाटला. तात्यांनी डोक्याचा पटका सोडून त्याचा बोळा त्यात कोंबला, आतल्या माणसाच्या हाती घमेले दिले आणि खेपा चालूच ठेवल्या. अंधार पडेपर्यंत त्रेचाळीस माणसे काठावर आली.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात बॅटरीच्या उजेडात मी दैनंदिन अहवाल भरला. ‘वापरलेले साधन’ या रकान्यात तीन पर्याय होते : शासकीय बोट, आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर. ‘इतर’ हा पर्याय नव्हता. मी शासकीय बोटीवर खूण केली. उद्या दुरुस्त करू म्हटले. परवा, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले आणि राज्यभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला की माणसे कशात बसवली, किती बसवली, जीवरक्षक जॅकेटे होती का. माझ्या काहिलीत एकही जॅकेट नव्हते. त्यानंतर अहवाल दुरुस्त करण्याचा विषय मी स्वतःशीही काढला नाही. याला विसरणे म्हणत नाहीत.

फायरमन गेल्यावर मी जीप काढायला सांगितली. पाच महिने जे टाळले होते, ते आता उद्या सकाळी ध्वजासमोर माइकवरून वाचले जाणार होते.

जानेवारीत गुऱ्हाळ ऐन भरात असते. तात्या चुलवाणापाशी उभे होते, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी झाऱ्याने काढत होते. मी नमस्कार करून बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मान न वळवताच हात केला. “थांबा बाईसाहेब. काहील उतरू द्या.” पाक हातघाईला आलेला असताना गूळ करणारा गुळव्या तहसीलदारासाठीच काय, कोणासाठीही थांबत नाही. मी बाजेवर बसून राहिले. त्यांनी थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि मग खूण केली. चौघांनी दांडे घालून काहील उचलली आणि पिवळाधमक पाक वाफ्यात ओतला. ते सगळे संपेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात माझी नजर समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या काहिलीवर होती. तिच्या बुडाला पत्र्याचे ठिगळ मारलेले होते.

“ती आता कामाची न्हाई,” तात्या घाम पुसत जवळ येऊन म्हणाले. “ठिगळाच्या जोडाला रस करपतो. ही चालू हाय ती भाड्याची.”

मी उद्याच्या कार्यक्रमाचे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“सत्काराला न्हाई कशाला म्हनू? पर सप्टेंबरात पंचनामा चालू हुता तवा मी चावडीवर गेल्तो. म्हनलं, पुरात काहील फाटली, काय मिळंल का. त्यांनी कागद बघून सांगितलं, तात्या, तुमच्या वस्तीवरची मानसं सरकारी बोटीनं काढलीत, मग काहील पुरात कशी गेली? म्हनलं, आसंल. कागदच तसा म्हनतुय तर आमी खोटं.” आणि थोडे थांबून, “काहील कागदात न्हाई, मग मी तरी त्यात कसा येनार?”

मी त्यांना सांगितले की तो कागद मीच लिहिला होता. ते काही बोलले नाहीत. आतून काकवीची वाटी आली, ती माझ्या हातात देत त्यांनी एवढेच म्हटले, “माझं एकट्याचं नाव घालू नका. पाण्यात चार पोरं हुती, आनि तो वायरमन.”

कार्यालयात परतल्यावर मी पूरक अहवाल लिहायला बसले. सहा ओळींच्या त्या मजकुराला मला दोन तास लागले, कारण त्यात मूळ अहवाल कोणी, कोणत्या परिस्थितीत चुकीचा भरला हेही लिहावे लागते. तहसीलदार साहेबांनी तो वाचून चष्मा काढला. “यावर खुलासा तुम्हालाच मागतील,” ते म्हणाले, आणि सही केली. फायरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांची प्रशस्तिपत्रे योग्य गावाच्या नावाने पुन्हा करायची होती, शिवाय सहा नवी. छापील कागद उरले नव्हते. रात्री नऊ वाजता बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्याला दुकान उघडायला लावून ती साध्या कागदावर काढून घेतली. त्यांना सोनेरी किनार नव्हती आणि कागदही हाताला पातळ लागत होता. ‘पदनाम’ या रकान्यात तात्यांच्या नावापुढे काय लिहायचे असे त्या मुलाने विचारले. मी ‘गुळव्या’ लिहायला सांगितले.

नागरिकांनी दुसऱ्याचा जीव वाचवला तर केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके आहेत. १९६१ पासून ती दिली जातात, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत शिफारस जावी लागते. ते मला परीक्षेपुरते पाठ होते. ती शिफारस तयार करताना पहिला जोडायचा कागद म्हणजे घटनेच्या दिवशीचा सरकारी अहवाल, ही गोष्ट मात्र त्या रात्री प्रथमच नीट लक्षात आली.

ध्वजारोहणानंतरचा कार्यक्रम व्हायचा तसा झाला. सूत्रसंचालकाने ‘काहील’ हा शब्द वाचताना क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. चार पोरांपैकी एक जण पुण्याला कंपनीत लागला होता, त्याचे प्रशस्तिपत्र त्याच्या आईने घेतले. फायरमनने टाळ्या वाजवणे सर्वांत शेवटी थांबवले. तात्या पटका बांधून आले होते. तो नवा होता.

सोमवारी सकाळी ते नकलेसाठी अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे होते. कारागिरांच्या अवजारांच्या सदराखाली काहिलीची मागणी पाठवून पाहू, असे मी त्यांना सांगितले होते. मुदत उलटून गेली होती, पण पूरक अहवालाच्या आधारे प्रस्ताव तरी जाऊ शकत होता. मी शिक्का मारलेली खरी नक्कल त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत ती वाचली. ‘वापरलेले साधन : काहील, एक नग’ या ओळीवर बोट थांबले.

“हे ब्येस झालं,” ते म्हणाले. “पर ती फाटली, ते कुठं लिवलंय?”

ते कुठेच लिहिले नव्हते. मी नक्कल परत घेतली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.