आण्णांची रेटलिस्ट आता आपोआप वेबसाइटवर चढते, ते कसं केलं

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, ठिबकच्या संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शेतकऱ्याचे पैसे वाचणार म्हणून आनंदच होता, पण आमच्या सांगलीच्या दुकानाच्या वेबसाइटवर तेव्हा १३०० च्या वर आयटम होते आणि प्रत्येकाचा रेट मी हाताने घालत होते, म्हणजे प्रॉडक्ट उघडा, जुना आकडा खोडा, नवा टाका, अपडेट दाबा, परत पुढचं उघडा. बरं सगळ्यांना सरसकट ५ लावून भागत नव्हतं, लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, ५ मध्ये आली पण पीव्हीसी पाइप १८ वरच राहिला, त्यामुळं एकेक बघतच जावं लागलं. सहा दिवस गेले त्यात. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर, दुकानात सकाळपासून गर्दी.

चौथ्या दिवशी जतकडचे एक काका आले, ८० किलोमीटरच्या वर गाडी मारून. घाईत मी ७५ एमएमच्या पाइपलाही ५ टक्केच लावून ठेवला होता, आणि काकांनी वेबसाइटवरचा तोच रेट धरून पैसे मोजून आणलेले. बिल जास्त झालं तसं ते गप्पच झाले, नुसता मोबाइल पुढं केला. दुकानाचा हिशेब बघणाऱ्या आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "लिवलंय त्या रेटनं द्या त्यास्नी." मला कुणी एक शब्द बोललं नाही, पण त्या रात्री मी ठरवलं की रेट हाताने टाकणं बंद.

कोडिंग मला येत नाही, बीकॉम झालंय माझं. साइट वर्डप्रेसवर आहे, त्यात वूकॉमर्स, म्हणजे साइटवर दुकान मांडायची सोय, आणि आण्णांचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. वूकॉमर्समध्येच सीएसव्ही इम्पोर्टर असतो, म्हणजे साध्या तक्त्याची (सीएसव्ही) फाइल साइटवर चढवायची सोय, फुकट, तुमच्याकडं शंभरभर आयटम असतील आणि महिन्यातनं एकदाच रेट बदलत असतील तर तेवढा पुरे आहे, फाइल चढवताना जुनी प्रॉडक्ट अपडेट करा या खुणेवर टिक मारायची. पण आमच्याकडं पाइप कंपन्यांच्या लिस्ट सारख्या बदलतात, रेझिनचा, म्हणजे पाइपच्या कच्च्या मालाचा, भाव हलला की पाइप हलला, मग रोज फाइल चढवायला कोण बसणार. म्हणून डब्ल्यूपी ऑल इम्पोर्ट हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, घेतलं, पैसे भरूनच, कारण ठरलेल्या वेळी आपोआप चालण्याची सोय फुकटवाल्यात नाही. एक्सेल सोडून लिस्ट गुगल शीटवर आणली, शीट वेबवर पब्लिश केली की सीएसव्हीची एक लिंक मिळते, ती लिंक प्लगइनला दिली, बास. आण्णा शीटमध्ये आकडा बदलतात, सकाळी तो साइटवर आलेला असतो.

ऐकायला सोपं आहे, पण खरं काम लिंक जोडण्यात नाहीच, लिस्ट नीट करण्यात आहे, आणि त्याला मला तीन आठवडे लागले.

पहिल्यांदा मी नावावरून मॅच करायला लावलं. एका ठिकाणी 'एल्बो ६३ एमएम', दुसरीकडं '६३एमएम एल्बो', मशिनला ही दोन वेगळी प्रॉडक्ट वाटतात. एका रात्रीत २१२ डबल आयटम तयार झाले. मग आण्णांच्या शेजारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक वस्तूला एक कोड दिला, वूकॉमर्समध्ये ज्याला एसकेयू म्हणतात तो. नाव बदलू दे, कंपनी बदलू दे, कोड बदलायचा नाही. आण्णांना ते पटेना, त्यांचं म्हणणं, "६३ ची चार केजी म्हटलं की कळतंय की सगळ्यांला." दुकानात उभ्या माणसाला कळतं हो, पण चार केजी आणि सहा केजी (पाइप किती दाब सोसतो ते) एकाच नावाखाली गेले तर साइट एकाचा रेट दुसऱ्याला लावणार, हे दाखवल्यावर मग तेच एकेक कोड सांगायला लागले. या बसण्यातच मला कळलं की किती माहिती नुसती त्यांच्या डोक्यात आहे. शेतकरी ६३ एमएम म्हणतच नाही, तो दोन इंची म्हणतो. ७५ म्हणजे अडीच इंची, ९० म्हणजे तीन इंची, ११० म्हणजे चार इंची. मग शीटमध्ये 'बोलीतलं नाव' असा एक कॉलमच वाढवला आणि तो साइटच्या सर्चला जोडला, आता साइटवर कुणी दोन इंची टाईप केलं की बरोबर ६३ चा माल पुढं येतो. अख्ख्या कामातला माझा सगळ्यात आवडता कॉलम तो.

दुसरा घोळ साइजचा. आट्याच्या फिटिंगला आपण १/२, ३/४ लिहितो. एक्सेल १/२ ला १ फेब्रुवारी समजतं आणि ३/४ ला ३ एप्रिल, गुगल शीट पण तेच करते. साइटवर बॉल व्हॉल्वची साइज 'एक फेब्रुवारी' दिसायला लागली. नंतर फॉरमॅट टेक्स्ट करून ते परत येत नाही, एक्सेलमध्ये तिथं ४५६८९ असला काहीतरी आकडा दिसतो, तारखेचा आतला नंबर असतो तो. म्हणून आकडे भरायच्या आधीच कॉलम प्लेन टेक्स्ट करून ठेवायचा. आणि कुणाची मराठी नावं जुन्या फॉन्टात टाईप केलेली असतील, युनिकोडच्या आधीच्या, तर ती साइटवर निव्वळ कचरा दिसतात, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. एक्सेलमधनंच सीएसव्ही करणार असाल तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

रेटच्या कॉलममध्ये आता आम्ही कुणीच आकडा लिहीत नाही. कंपनीची लिस्ट एका टॅबमध्ये पेस्ट होते, आमचा डिस्काउंट आणि जीएसटी वेगळ्या कॉलममध्ये, शेवटचा रेट फॉर्म्युल्याने निघतो. उद्या परत जीएसटी बदलला तर त्या गटाचा एक आकडा बदलायचा. पब्लिश करताना मात्र फक्त शेवटचा टॅब निवडायचा, पूर्ण फाइल नाही. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते आणि तुमचा खरेदीचा रेट अख्ख्या सांगलीला दिसेल, हे मनापासून सांगते, विसरू नका.

प्लगइनमध्ये फक्त रेट आणि स्टॉक एवढंच अपडेट होऊ दिलंय, फोटो आणि माहितीला हात लावायचा नाही असं सेट केलंय. शीटमधून गायब झालेलं प्रॉडक्ट डिलीट कर असाही एक पर्याय असतो, तो मी ठेवला नाही, त्याऐवजी आउट ऑफ स्टॉक दाखव असं ठेवलं. बरं झालं, कारण दिवाळीत दादाने शीटमधल्या ४०० ओळी कट करून दुसरीकडं ठेवल्या होत्या, डिलीट चालू असतं तर फोटोंसकट सगळं गेलं असतं. तेवढ्या वस्तू अर्धा दिवस संपल्या म्हणून दिसल्या, शीटच्या व्हर्जन हिस्ट्रीतून ओळी परत आणल्या, झालं.

वेळेचं राहिलं. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट जिथं ठेवलीय त्या सर्व्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, क्रॉन जॉब असतात, ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारे, प्लगइन दोन लिंक देतं, एक दिवसातनं एकदा काम सुरू करणारी, दुसरी दर दोन मिनिटांनी ते पुढं नेणारी, दोन्ही तिथं चिकटवायच्या. पहिली मी नऊला लावली तर इम्पोर्ट रोज दुपारी अडीचला व्हायचा, दोन दिवस कळेना. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. साडेतीन लावल्यावर बरोबर सकाळी नऊला सुरू झालं.

आण्णा सकाळी चहा घेता घेता शीट बघतात आणि नऊ वाजून गेले की स्वतःच्या मोबाइलवर साइट उघडून दोनचार रेट वहीशी ताडून बघतात. बघू द्यात, मी पण बघते. ठिबक, हार्डवेअर, बियाणं, कुणाचंही असलं दुकान असेल आणि सुरुवात कुठनं करायची कळत नसेल तर मला सांगा, रेट काढून टाकलेली आमची रिकामी शीट देते, कॉलम आणि फॉर्म्युले तयार आहेत, 'बोलीतलं नाव' धरून.