भावाचा नकार समजेपर्यंत

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि मोजकेच शब्द तो स्पष्ट उच्चारतो. अमळनेरला आमच्या घरी अहिराणी बोलली जाते, त्यामुळे ते शब्दही अहिराणीच. माय होती तोवर त्याचे काही अडले नाही. त्याच्या ताट सरकवण्यावरूनही तिला सारे कळत असे. ती गेल्यावर लक्षात आले की त्याची अर्धी भाषा मायजवळच होती आणि ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती.

मी नोकरी करते, म्हणून त्याला प्रौढ दिव्यांगांच्या एका कार्यशाळेत दिवसभर ठेवायचे ठरवले. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, काढले आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला. कागदपत्रांना वेळ लागला, पण ती झाली. सगळीकडे प्रश्न मात्र मलाच विचारले गेले. कधी त्याला विचारलेच, तर तो ‘हा’ म्हणे आणि आम्ही सगळे समाधानी होत असू.

त्या ‘हा’चा अर्थ वाचा उपचारतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिला. त्यांनी विचारले, “चहा पाहिजे?” तो म्हणाला, “हा.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “चहा नको?” तरीही “हा.” समोरच्याला बरे वाटावे म्हणून दिलेले ते उत्तर होते, आणि इतकी वर्षे मी त्यालाच त्याची संमती समजत आले होते. त्यानंतर आम्ही दोन वस्तू समोर ठेवू लागलो, दर वेळी त्यांच्या जागा बदलू लागलो आणि विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहू लागलो. ते गप्प राहणे मला सर्वांत जड गेले.

आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रावर बोट ठेवले की बोलणारे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. त्यातला आवाज त्याला आवडला, पण रेखाटलेली चित्रे त्याच्या ओळखीची नव्हती. म्हणून आम्ही घरच्याच वस्तूंचे फोटो काढून वही केली: कळण्याची भाकरी, त्याची सतरंजी, सखाराम महाराजांच्या यात्रेतला रथ. पहिल्या पानावर मी खाण्याचे पदार्थ लावले होते. बाईंनी ते मागे सारले आणि तिथे ‘नको’, ‘बस’, ‘थांबा’, ‘दुखस’ हे शब्द आणले. मागणी लोक अंदाजाने ओळखतात, नकार आणि वेदना ओळखत नाहीत, असे त्या म्हणाल्या.

याचा प्रत्यय लवकरच आला. कार्यशाळेत तो ताट ढकलू लागला, स्वतःचा हात चावू लागला, आणि तो हट्टी झाल्याची तक्रार आली. दोन आठवडे मीही तेच मानले. वही तिथे कपाटात होती, फाटू नये म्हणून जपून ठेवलेली. ती घरी आणून त्याच्यासमोर उघडली, तेव्हा त्याने ‘दुखस’वर बोट ठेवले आणि मग स्वतःच्या गालावर. दाढ किडली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील संवादाची व्याख्या छापून कार्यशाळेत नेली. साधी भाषा आणि आमच्या वहीसारख्या संवादाच्या पूरक व पर्यायी पद्धती तिच्यात स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. वही त्याच्याच खांद्यावरच्या पिशवीत राहील आणि फाटली तर मी नवी करून देईन, असे ठरले. तिथल्या ताईंना त्याचे अहिराणी शब्दही लिहून दिले, कारण ‘भूक लागनी’ हे त्यांना कळत होते, पण त्याच्या तोंडून निघणारे नुसते ‘लागनी’ कळत नव्हते.

यंदा श्रावणात कानबाई, ही आमची खान्देशातली देवी, बसली. दर वर्षी सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीला मी त्याला ‘येशी का?’ विचारी, तो ‘हा’ म्हणे आणि वाजंत्री सुरू झाली की थरथरत माझा हात धरून चाले. या वेळी मी वाजंत्रीचा आणि कानबाईच्या प्रसादाच्या रोटांचा असे दोन फोटो समोर ठेवले आणि थांबले. वाजंत्रीचा फोटो त्याने माझ्याकडे परत सरकवला, पान उलटले आणि ‘नको’वर बोट ठेवले. मिरवणूक गेली तेव्हा तो चुलत्यांजवळ घरीच बसला होता. रोट खायला मात्र सर्वांत आधी पाटावर आला.