एका ‘चक्’पायी सात महिने

पक्ष्यांचे आवाज शिकायला मी उन्हाळ्यात सुरुवात केली आणि ते इतकं सोपं गेलं की मी दीडशहाणा झालो. कोकीळ, तांबट, दयाळ सगळे भरात होते. पावसाच्या तोंडावर पावशाही झाला.

मग सप्टेंबरअखेरीस खिडकीखालच्या झुडपातून ‘चक्’ आलं. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसं, कोरडं. थोड्या वेळाने परत ‘चक्’. बस, एवढंच.

मी खाली उतरलो की आवाज पलीकडच्या झुडपात. पानं हलायची, पक्षी दिसायचा नाही. फोनवरच्या ॲपला ऐकवलं, तर त्याने एकदा शिंपी सांगितला आणि एकदा काहीच नाही. एका जाणत्या पक्षिनिरीक्षकांना विचारलं. म्हणाले, ‘‘दिसला की कळेल.’’ अहो, दिसला असता तर विचारलं कशाला असतं! डिसेंबर आला. कोकीळ गप्प, दयाळाचं गाणं बंद होऊन नुसती खरखर उरलेली. त्या शांततेत हा मात्र चालूच. जानेवारीत एकदा निमिषभर मातकट पाठ दिसली. पुस्तक उघडलं, तर तसल्या पाठींचे वटवट्ये पानंच्या पानं भरून! चिडून पुस्तक मिटलं.

हो, सांगायचं राहिलं: आवाज आपल्या अक्षरांत लिहा, तारीख-वेळेसकट. ‘मधुर शीळ’ वगैरे लिहून पुढे काही कळत नाही.

कारण मला वाचवलं ते वहीनेच. मे महिन्यात झुडूप गप्प झाल्याचं जाणवलं, म्हणून पानं चाळली. पहिलं ‘चक्’ २६ सप्टेंबर, शेवटचं १९ एप्रिल. म्हणजे हा हिवाळी पाहुणा! शिंपी बारमाही, तो बाद. मग फक्त स्थलांतरित वटवट्यांची रेकॉर्डिंग लावून बसलो आणि चौथ्यालाच ‘चक्’ सापडलं. ब्लिथचा बोरू वटवट्या. वीण पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत, हिवाळा भारतीय उपखंडात, वजन जेमतेम १२-१३ ग्रॅम. नाव वटवट्या, आणि माझ्याशी बोलला एक अक्षर.

रोज एकाच जागी बसा, उजाडताना, १५-२० मिनिटं. मी आधी फिरत ऐकायचो, तेव्हा स्वतःच्या चपलाच जास्त ऐकू आल्या.

त्या जाणत्यांना फोन करून मोठ्या ऐटीत नाव सांगितलं.

‘‘अरे वा! मग, दिसला का?’’