दही ते दात : घरच्या मायक्रोस्कोपची नोंद, महिना तिसरा

मंडळी, मागच्या नोंदीत वाळक्या गवताच्या पाण्यातल्या पॅरामीशियम या एकपेशी जीवापर्यंत आले होते. तो मोठा असतो, ४० च्या लेन्सखाली त्याचं पोट भरलेलं आहे की रिकामं तेही कळतं. या महिन्यात बॅक्टेरियाला हात घातला आणि पहिले नऊ दिवस एकही धड दिसला नाही.

सुरुवात दह्याने केली. रोज घरात असतं आणि बिनधोक आहे. १०० ची ऑइल लेन्स (स्लाइडवरच्या तेलाच्या थेंबात टेकवून वापरायची) आणि १० चं आयपीस, म्हणजे १००० पट. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि दह्यातला गोल जंतू जेमतेम एक मायक्रॉन. म्हणजे एवढं करूनही तो डोळ्याला मिलिमीटरभराचा ठिपका दिसणार. आमच्यासारख्यांच्या मायक्रोस्कोपची मजल इथेच संपते, कारण ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील साध्या उजेडात सुटा होत नाही. त्यामुळे पैसे मोठ्या आयपीसवर घालू नका, रंगकामावर मेहनत घ्या.

पहिल्या स्लाइड वाया गेल्या त्या लोण्यामुळे. दह्याचा लगदा काचेवर फासला की चरबीचे गोळे आणि दुधाचं प्रथिन यांचाच चिखल दिसतो. शेवटी जमलं ते असं: दह्यावर सुटलेल्या पाण्याचा एक थेंब, त्यात उकळून गार केलेलं पाणी दहा थेंब, आणि त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब काचेवर पसरायचा. थर वाळल्यावर स्लाइडखाली छापील कागद ठेवून अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. मग ज्योतीवरून तीनदा फिरवायची, दिवा विझवून बाजूला ठेवायचा आणि त्यानंतरच स्लाइड दोन मिनिटं स्पिरिटमध्ये बुडवायची. बरीचशी चरबी निघून जाते.

रंगासाठी ग्रॅमची पद्धत. हान्स ख्रिस्तियन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर १८८४ मध्ये बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू शोधत होता, त्यातून ही निघाली. पहिला जांभळा रंग म्हणजे जेन्शन व्हायोलेट. लहानपणी तोंड आलं की आई जे जांभळं औषध लावायची तेच. एक मिनिट जांभळा, एक मिनिट आयोडिन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. सगळा खेळ धुण्यात आहे. मी पहिल्यांदा पाऊण मिनिट धुतलं आणि सगळंच गुलाबी झालं. पंधरा सेकंदांवर आले तेव्हा गडद जांभळ्या मण्यांच्या माळा उमटल्या. त्या क्षणी मी स्वयंपाकघरातून सगळ्यांना हाका मारल्या.

जांभळा रंग टिकतो तो जंतूच्या भिंतीमुळे. साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांनी विणलेली ही भिंत काही जंतूंत कित्येक पदरी असते, रंग आणि आयोडिनचा गठ्ठा तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. दुसऱ्या गटात ती पातळ असते आणि तिच्यावर चरबीचं एक आवरण असतं. अल्कोहोल ते विरघळवतं आणि रंग वाहून जातो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही. पेनिसिलिन नेमकं या विणकामावर घाव घालतं, म्हणून ते जंतूला मारतं आणि आपल्याला सहसा इजा करत नाही. हे शाळेत पाठ केलं होतं. स्लाइडवर तीस सेकंदांचा फरक बघितल्यावर ते खरं वाटलं.

पुढचा आठवडा एकाच भांड्यावर काढला. विरजण लावल्यापासून सहा तास, एक दिवस, तीन दिवस, अशा स्लाइड. सहा तासांच्या दह्यात बहुतेक गोल मण्यांच्या माळा, काड्या म्हणजे लांबट जंतू तुरळक. तिसऱ्या दिवशीच्या आंबट दह्यात चित्र उलटं: लांब काड्याच काड्या, आणि त्यांतल्या काही फिकट गुलाबी. म्हाताऱ्या, मरायला टेकलेल्या जंतूंच्या भिंती सैल होतात, रंग धरत नाहीत, त्यामुळे ग्रॅमची स्लाइड नेहमी ताज्या दह्याची करा. सासूबाई गेली चाळीस वर्षं सांगताहेत, आंबट दह्याचं विरजण घेऊ नये. त्यांना दोन्ही स्लाइड दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सोबत बिघडते म्हण की." अगदी बरोबर. मणी आधी वाढतात, आम्ल वाढलं की मागे पडतात, काड्या तग धरतात. तसं विरजण लावलं तर सुरुवातच काड्यांच्या बाजूने होते.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते. प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा थर.

१६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने दातांमधला पांढरा थर पावसाच्या पाण्यात मिसळून पाहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की यात चिमुकले जीव फार सुंदर हालचाल करताहेत. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचा थरही त्याने तपासला. भिंगं स्वतः घासायचा, कापडाचा व्यापारी होता, विद्यापीठात कधी गेला नाही. आपल्या छंदाचा मूळपुरुष तोच.

मी टूथपिकने स्वतःच्या दाढेमागचा थर घेतला, त्याच पद्धतीने रंगवला. जांभळ्या मण्यांच्या माळा! शेजारी गुलाबी काड्या आणि लांब धागेही होते, पण एखाद्या भागात फक्त माळा होत्या आणि तिथे चिठ्ठी काढून टाकली असती तर ही दह्याची स्लाइड की दातांची हे मला सांगता आलं नसतं. हे साम्य वरवरचं नाही. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचे जवळचे नातेवाईक आपल्या तोंडातच राहतात. २००४ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा रोगकारक भावंडांकडची कित्येक जनुकं याच्यात मोडकळीला आलेली किंवा गायबच आढळली. दुधात पिढ्यान्‌पिढ्या राहून त्याला त्यांची गरजच उरली नाही.

दातांच्या किडीला मुख्यतः जबाबदार धरला जातो तो स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. त्याचं रोजचं काम दह्यातल्या भावासारखंच, साखरेपासून लॅक्टिक आम्ल. फरक दोन. तो साध्या साखरेपासून चिकट धागे विणतो आणि त्यांनी दाताला डकवून राहतो, गिळला जात नाही. आणि आम्लात बाकीचे मलूल होतात तेव्हा हा आतलं आम्ल पंपाने बाहेर फेकत काम चालू ठेवतो. गूळसुद्धा बहुतांश तीच साखर आहे, त्यामुळे गुळाने दात किडत नाहीत हा समज सोडा. एक गोष्ट मनात घर करून राहिली, हे आम्ल त्याने आपल्याविरुद्ध बनवलेलं नाही. तो त्याचा टाकाऊ माल आहे. पटकीचा (कॉलराचा) जंतू याच्या उलट. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांच्या आतड्यावर दाखवलं की जंतू गाळून काढलेला द्रवसुद्धा आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे जंतू आत घुसतच नाही, त्याचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी ओतायला लावतं. "जंतूमुळे रोग होतो" या एका वाक्याखाली इतक्या वेगळ्या तऱ्हा आहेत. आणि तोंडातले हे माळेवाले जंतू हिरडीतून रक्तात गेले आणि हृदयाची झडप आधीच खराब असली तर तिथे चिकटून जीवघेणा आजार करू शकतात. जंतू तोच, जागा बदलली.

मग पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या काढल्या. आकडा ७ च्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त. एक दिवस डावीकडची दाढ घासली नाही. थराचा कण पट्टीवर: ७ च्या जरा खाली. साखरेच्या पाण्याने चूळ भरून दहा मिनिटांनी पुन्हा: ५. दाताचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. चाळीस मिनिटांनी पट्टी ६ च्या वर आली, हे लाळेचं काम. म्हणजे दिवसात चार वेळा गोड चहा म्हणजे चार वेळा ही बुडी.

शेवटचा प्रयोग धाकटीच्या दातांवर. खालचे दोन दुधाचे दात आठवड्याच्या अंतराने पडले. सासूबाईंना ते कौलावर टाकायचे होते, मी मागून घेतले. एक दह्याच्या पाण्यात ठेवला, पीएच ४.५ च्या आसपास, एक लिंबाच्या रसात. रोज पाणी आणि रस बदलले. सात दिवसांनी लिंबातला दात खडूसारखा पांढरा, चमक गेलेली, टाचणीने ओरखडा उठतो. दह्यातला माझ्या हिशेबाने खराब व्हायला हवा होता, ५.५ च्या बराच खाली होता तो. पण भिंगाखाली चमक तशीच, टाचणी घसरते. दोन दिवस याचा उलगडा होईना. मग लक्षात आलं, दह्याच्या पाण्यात दुधाचं कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच भरपूर विरघळलेलं असतं, त्यामुळे दातातून आणखी निघायला वावच नसतो. तो ५.५ चा आकडा लाळेच्या नेहमीच्या क्षारांना धरून आहे, अटळ रेघ नाही.

लिंबू मात्र दह्यापेक्षा कितीतरी आंबट, त्यामुळे ही तुलना न्याय्य नाही हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच मान्य करते. लॅक्टिक आम्ल पाण्यात घालून पीएच बरोबर ४.५ ला आणून ठेवलंय, कॅल्शियमचा कण नसलेलं. त्यात ठेवायला दात हवाय. वरचा एक कालपासून हलतोय.

(कोणी विचारण्याआधी: तोंडातले जंतू मी फक्त रंगवून बघते, अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) थाळीवर वाढवत नाही. घरात काय वाढेल याचा भरवसा नसतो. वापरलेल्या स्लाइड रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवा.)