फोंड्याहून गुलमर्ग: स्की शिकायला जाताना आधी ऊन बघा

स्की शिकायला जायचं ठरलं ते चतुर्थीत, गणपतीवरच्या माटोळीला नारळ-सुपाऱ्या बांधता बांधता. भाचा आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग करतो, त्याला स्नोबोर्ड हवा होता. मला पन्नाशीच्या आत एकदा तरी पायात स्की घालायचे होते. नवऱ्याला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून तिकिटांचं आणि हिशेबाचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

हिमाचलमधलं सोलंग, उत्तराखंडमधलं औली आणि काश्मीरमधलं गुलमर्ग अशी तीन नावं समोर होती. तिन्हींबद्दल आम्ही एकच प्रश्न विचारत बसलो: थंडी किती? फोंड्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार! विचारायला हवं होतं ते उन्हाचं. गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे, औली ३० च्या थोडं वर. आल्प्स ४५ च्या पुढे. म्हणजे आपल्याकडे सूर्य बराच वर चढतो आणि बर्फ तगतो तो नुसत्या उंचीच्या जिवावर. त्यातही उताराचं तोंड कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. उत्तरेकडच्या उतारावर हिवाळ्यात ऊन तिरपं आणि थोडाच वेळ पडतं, तिथला बर्फ पिठासारखा राहतो. दक्षिणेकडचा उतार दुपारी पाझरतो, रात्री गोठतो आणि सकाळी त्याची शहाबादी फरशी झालेली असते.

सोलंग आधी गळालं. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, उंची अडीच हजार मीटरच्या आसपास, उतार आखूड आणि त्यावर ट्यूबवाले, घोडेवाले, फोटोवाले सगळेच. लहान मुलांना बर्फ दाखवायचा असेल तर जरूर जा. मडगावहून चंदीगढला थेट गोवा संपर्क क्रांती आहे, पुढे रात्रीची बस. पण शिकायचं असेल तर तिथे पैसे घालू नका.

औलीवर मात्र माझं मन होतं. उतार उत्तरेकडे तोंड केलेले, लांबच लांब, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग. नवऱ्याने वहीत दोन काट मारले. पहिला, जोशीमठची जमीन खचायला लागल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, जोशीमठ-औली रोपवे बंद पडलेला. निघण्याआधी त्याची ताजी स्थिती विचारा. दुसरा, ऋषिकेशहून अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता, जाताना एक दिवस आणि येताना एक. शिवाय अलीकडच्या काही हिवाळ्यांत तिथे बर्फ कमी पडल्यामुळे स्पर्धासुद्धा रद्द कराव्या लागल्या. दहा दिवस हातात असतील आणि बर्फ पडल्याची खात्री करून निघता येत असेल तर मी आजही औलीच सांगेन. आमच्याकडे सहाच होते.

म्हणून गुलमर्ग. कार्निव्हलच्या गर्दीतून आम्ही मोपा विमानतळावर पळालो, दिल्लीला विमान बदललं आणि संध्याकाळी श्रीनगर. दुसऱ्या दिवशी सकाळी टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या लावल्या. शेवटचे तेरा किलोमीटर देवदारांमधून चढताना भाचा एकदाही मोबाईलकडे बघत नव्हता. त्यामागे एक कारणही होतं: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. त्याचं प्रीपेड होतं. माझं पोस्टपेड, त्यामुळे आठवडाभर मी त्याची लाडकी मावशी.

गाव २,६५० मीटरवर. गोंडोला, म्हणजे इथला रोपवे, दोन टप्प्यांत चढतो, कोंगडोरीला तीन हजारांच्या वर आणि पुढे अफरवतच्या खांद्याला जवळजवळ ३,९५० मीटरवर. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. तिथे पोचल्यावर ‘करून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. वारा सुटला की वरचा टप्पा बंद होतो, आमच्या वेळी दोन दिवस बंदच होता. नवशिक्याचं त्यावाचून काही अडत नाही. वर आखीव उतार जवळपास नाहीत, हिमस्खलनाची भीती खरी आहे, आणि तिथे गाइड, बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), फावडं यांच्याशिवाय उतरणं म्हणजे वेडेपणा. वर एक दिवस नुसतं बघायला जायचं असलं तरी तो चौथा-पाचवा दिवस ठेवा. समुद्रसपाटीवरची आपली फुप्फुसं तिथे पहिल्या दिवशी दहा पावलांत तक्रार करतात.

शिकायचे उतार गावाला लागूनच आहेत, आणि त्यांचा दिवस उन्हाच्या घड्याळावर चालतो. सकाळी नऊला बर्फ कडक, स्कीच्या कडा करकर वाजतात आणि पडलं की ढुंगण शेकतं. साडेदहा ते दीडपर्यंत वरचा थर जरा मऊ होतो, तेव्हा वळणं जमतात. तीननंतर सावली पुढे सरकली की तोच थर पुन्हा कडक व्हायला लागतो. आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी नऊलाच बोलावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मीच दहा करून घेतले, त्यांनाही ते आवडलं, एक नून चहा (काश्मिरी खारा चहा) जास्त झाला.

पहिला धडा पिझ्झाचा. पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग मरतो. ऐकायला सोपं आहे. घाबरलं की माणूस अंग मागे टाकतो, आणि मागे टाकलं की स्की सुटतात. ‘मॅडम, घुटना आगे!’ हे वाक्य मी सहा दिवसांत इतक्यांदा ऐकलं की फोंड्याच्या बाजारात पायऱ्या उतरतानाही गुडघा पुढे जातो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाएकी वळण जमलं. का जमलं ते अजून ठाऊक नाही.

भाच्याचं उलटं झालं. सर्फिंगवाल्याला स्नोबोर्ड सोपा, असं तो गोव्याहून सांगत आला होता. उभं राहायची ढब खरंच कामाला आली, पण लाटेवर पाय मोकळे असतात आणि इथे दोन्ही बांधलेले. बोर्डाची उताराकडची कड टेकली की माणूस सपकन आपटतो. पहिले दोन दिवस तो जास्त करून बसलेलाच होता. त्यातून ओढलिफ्ट: दोन पायांमध्ये चकती धरून वर ओढत नेणारी. स्कीवर ती एका तासात जमते, बोर्डवर तिच्यावरूनच अकरा वेळा पडला. तेव्हा बोर्डवाल्यांनो, मनगटाचे गार्ड आणि आत घालायची गादीची चड्डी घरूनच न्या, आणि चार दिवसांपेक्षा कमी असतील तर स्कीच घ्या. मात्र पाचव्या दिवशी हा मुलगा माझ्या शेजारून जो गेला, तो मला हात करून गेला.

भाड्याच्या बुटांवर एक सकाळ घाला. पहिल्या दुकानात मला एक नंबर मोठे बूट दिले, ‘मोजा दोन घाला’ म्हणाले, आणि संध्याकाळी नडगी सोलून निघाली. बूट घट्टच हवा, टाच उचलता कामा नये, आत एकच पातळ मोजा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमच्या वजनाप्रमाणे लावतात, तेव्हा वजन खरं सांगा. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो. जॅकेट-पँट तिथे भाड्याने मिळते, हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचेच बरे.

आता खरी चूक. सनस्क्रीन घरी ठेवून गेले. बाराही महिने उन्हात वावरणारी मी, तिकडे काय लागणार! वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, आणि दर हजार मीटरला ते किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. दुसऱ्या रात्री हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलं होतं, जिथे कोलव्याच्या किनाऱ्यावर आयुष्यात ऊन पोचलं नाही तिथे. आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली उपयोगाची नव्हतीच, आणि तेल दगड झालेलं. ती कांगडीजवळ (निखाऱ्यांच्या काश्मिरी शेगडीजवळ) ठेवून वितळवली, तर नवऱ्याला तळलेल्या बांगड्याची आठवण आली. एसपीएफ ५० घ्या, ओठांनाही लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, ढगाळ दिवशीसुद्धा. साधा काळा चष्मा बाजूने उघडा राहतो. डोळे झाकणारा स्की गॉगल नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

कधी जावं? काश्मिरी हिवाळ्यातला चिल्लई कलान २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर, तेव्हा थंडी सगळ्यात कडक. पण जानेवारी २०२४ मध्ये ऐन त्यातच गुलमर्गचे उतार मातकट उघडे होते, तेव्हा तारखेवर भरवसा नको. फेब्रुवारीचा मधला भाग धरा आणि हॉटेल रद्द करता येण्यासारखं घ्या. मार्चमध्ये दिवस मोठा आणि गर्दी कमी, पण खालच्या उतारांवर कधी पाऊसही पडतो, आणि दुपारी बर्फाचा पेजेसारखा रगडा होतो. त्या महिन्यात गेलात तर सकाळी लवकर उतरा, बाराला आवरा आणि उरलेला दिवस कहव्यावर काढा. माझ्या नवऱ्याने तो सहाही दिवस तसाच काढला.