एक पौंडाचा क्लब, पण आखीव पत्रिका कोणाच्या नावावर?

इंग्लंडातला एखादा फुटबॉल क्लब एका पौंडाला विकला गेला अशी बातमी आली की नागपूरकर हमखास विचारतो, "भाऊ, वर्गणी काढून घेऊन टाकायचा का?"

घ्या ना. फक्त बेसा-हुडकेश्वरला प्लॉट पाहताना जे विचारता, तेच इथेही विचारा : आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, झालं का, बोजा किती, आणि आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नाव कोणाचं?

तो एक पौंड म्हणजे क्लबची किंमत नव्हे. शेअर नावावर करायचे तर कागदावर काहीतरी रक्कम लागते, म्हणून तो आकडा. त्याच्यासोबत थकलेले पगार येतात, कर खात्याच्या नोटिसा येतात, जुन्या मालकानं क्लबला 'उसने' दिलेले पैसेही येतात.

मँचेस्टरजवळच्या गावाचं नाव बरी. तिथला क्लब 1885 चा, दोनदा एफए कप ही तिथली मोठी स्पर्धा जिंकलेला, 1903 च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीला 6-0 नं लोळवणारा. डिसेंबर 2018 मध्ये तो एका पौंडाला गेला. नव्या मालकाकडे क्लब चालवायला पैसा आहे का, याचा पुरावा लीगच्या, म्हणजे सामने भरवणाऱ्या संस्थेच्या, हाती येण्याआधीच ताबा देऊन झाला होता. तेव्हाच्या नियमांत ते चालत होतं. त्याच मोसमात पोरांनी संघ वरच्या विभागात नेला, पगार थकलेले असताना. आणि 27 ऑगस्ट 2019 ला लीगनं क्लबच काढून टाकला. कागद उघडले तर गिग लेन हे त्यांचं मैदान गहाण, आणि त्याआधीच्या मालकाच्या काळात मैदानावरच्या पार्किंगच्या जागासुद्धा सुट्या-सुट्या गुंतवणूकदारांना विकलेल्या. सीताबर्डीत पार्किंगवरून भांडणारा माणूसही इथे हात टेकेल.

खरी गोम ती मैदानाची. दुसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या क्लबाला तीन वर्षांत मिळून 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंत तोटा तेव्हा चालायचा. त्यावर गेलं की गुण कापले जायचे. मग काही मालकांनी शक्कल काढली. मैदान क्लबकडून आपल्याच दुसऱ्या कंपनीनं विकत घ्यायचं. क्लबच्या वहीत नफा दिसतो, तोटा मर्यादेत बसतो आणि क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू होतो. डर्बी काउंटीनं 2018 मध्ये आपलं प्राइड पार्क मैदान असंच 8 कोटी पौंडांहून जास्त किमतीला 'विकलं'. सप्टेंबर 2021 मध्ये देणी फिटेनात म्हणून क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, त्या मोसमात एकूण 21 गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. गिऱ्हाईक येईना, कारण क्लबचा सौदा एकाशी आणि मैदानाचा दुसऱ्याशी. शेवटी 2022 मध्ये तिथल्याच एका बिल्डरनं आधी मैदान घेतलं, मग क्लब. शेफील्ड वेन्सडे क्लबचं हिल्सबरो मैदानही असंच मालकाच्या कंपनीकडे गेलेलं. ऑक्टोबर 2025 मध्ये तो क्लबही प्रशासकाकडे, 12 गुण वजा.

दिवाळं निघालं की खेळाडूंचं आणि दुसऱ्या क्लबांचं देणं पूर्ण फेडायचं, हा लीगचा नियम. खानपानवाला, छापखाना, रुग्णवाहिकेची संस्था यांच्या वाट्याला पौंडामागे काही पेनी. आपल्याकडच्या मंडप डेकोरेटरची आठवण होते. पण आपला डेकोरेटर निदान आगाऊ घेतो!

वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबचं कौतुक सगळे हॉलिवूडवाल्या मालकांमुळे करतात. मला त्यांचा कागद आवडतो. क्लब 2011 पासून समर्थकांच्या ट्रस्टचा होता. 2020 च्या मतदानात 98 टक्क्यांहून जास्त सभासदांनी हो म्हटलं, तेव्हा फेब्रुवारी 2021 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी आत आले. पैसे आधीच्या मालकाच्या खिशात गेले नाहीत, 20 लाख पौंड क्लबमध्ये उतरले. मैदान विद्यापीठाचं होतं, क्लबकडे 99 वर्षांची लीज. 2022 मध्ये त्यांनी जमिनीची मालकीच विकत घेतली. 2023, 2024, 2025 अशी लागोपाठ तीन वर्षं बढती मिळाली ती त्यानंतर.

आता ब्लॅकबर्न क्लब. कोंबड्यांवाले वेंकीज पुण्याचे, नागपूरचे नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांनी 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला, महिन्याभरात प्रशिक्षक काढला, 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे अव्वल श्रेणीतून, पडला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मारबतीच्या मिरवणुकीत राग काढायला बडग्यांचे पुतळे फिरवणाऱ्या नागपूरला ही भाषा समजावून सांगायला नको. पण इंग्लंडातले लोक 'इंडियन ओनर्स' म्हणताना नाक मुरडतात, तेव्हा बोलावंसं वाटतं : बरीचा मालक इंग्लिश होता, डर्बीचाही. वेंकीजनी फुटबॉल न कळता क्लब घेतला हे खरंच, पण पंधरा वर्षं तोटा भरलाय, 20 कोटी पौंडांहून जास्त.

आपल्या कामठीत फुटबॉल क्लबांना असे मालक नाहीत, म्हणून दिवाळंही निघत नाही. पगारही निघत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर वर्गणी काढण्याआधी दोन कामं. कंपनीज हाउस या तिथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर क्लबचे हिशेब फुकट दिसतात. 'चार्जेस' हा रकाना म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा, तो आधी उघडा. मालकानं पैसा शेअरमधून दिलाय की कर्ज म्हणून, ते बघा. कर्ज असेल तर तो जाताना मागणार. मग लँड रजिस्ट्रीतून मैदानाचा उतारा काढा, 7 पौंड पडतात. नाव क्लबचं नसेल तर लीजची किती वर्षं उरलीत ते मोजा.

जुलै 2025 मध्ये इंग्लंडातल्या फुटबॉलसाठी कायदा झाला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना मैदान विकायला किंवा गहाण टाकायला स्वतंत्र नियामकाची परवानगी लागेल, आणि जर्सीचे रंग बदलायचे तर समर्थकांचा कौल. कार्डिफ क्लबच्या मालकानं 2012 मध्ये निळा संघ लाल करून टाकला होता. निळा परत यायला 2015 उजाडलं. जी मैदानं आधीच क्लबच्या नावावरून गेली, ती मात्र या कायद्यानं आपोआप परत येत नाहीत. गिग लेन 2022 मध्ये सरकारच्या 10 लाख पौंडांच्या मदतीनं समर्थकांनाच विकत घ्यावं लागलं.