लिहून घर चालतं का?

साहित्य परिषदेतल्या कार्यक्रमानंतर, नात्यातल्या लग्नात, हल्ली तर मुलांच्या आया फोन करूनसुद्धा विचारतात: "नुसतं लिहून घर चालतं का हो?" गेल्या आठवड्यात पत्रकारितेचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेली एक मुलगी माझ्या स्वयंपाकघरात बसून हेच विचारत होती. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

चालतं. माझं 2010 पासून चालतंय. कोथरूडमधलं घरभाडं, मुलाची शाळा, आईची औषधं, सगळं यातूनच. पण कशावर चालतं, ते आधी ऐकायला हवं. दिवाळी अंकात लिहिणं मला जिवापाड आवडतं. 1909 साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा आपल्याकडे अजून टिकून आहे, याचा मला अभिमान आहे. मात्र विषय उन्हाळ्यात ठरतो, लेख पावसाळ्यात जातो आणि पैसे येतात दिवाळी उलटून गेल्यावर. घरभाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. ते निघतं भाषांतरांतून, माहितीपुस्तिकांतून, संस्थांच्या वार्षिक अहवालांतून, जाहिरातींच्या मजकुरातून. यातल्या बहुतेक कामांवर माझं नाव नसतं.

आणि हे काम मी कमी मनाने करत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ठिबक सिंचनाच्या एका पुस्तिकेचं भाषांतर आलं होतं. मी शब्दकोश उघडून बसले आणि लिहिलं, "पार्श्वनलिकांची अंत्यटोपी काढून प्रक्षालन करावे." मलाच ते खटकत होतं. तेव्हाच्या शिवाजीनगर स्टँडवरून नारायणगावची एसटी पकडली, मैत्रिणीच्या काकांच्या टोमॅटोच्या रानात गेले आणि ते पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हणजे लॅटरलची टोकं सोडून नळ्या धुवायच्या, असंच ना? मग तसं लिहा की, ताई." मग सबमेन म्हणजे लॅटरलना पाणी देणारा पाइप, व्हेंचुरी म्हणजे पाण्यातून खत सोडायचं साधन, थेंब थेंब पाणी सोडणारा ड्रिपर चोंदला की काय करतात, सगळं बांधावर बसून लिहून घेतलं. तिकिटाचे पैसे आणि अख्खा दिवस माझा गेला. पण त्या कंपनीकडून पुढची आठ वर्षं काम येत राहिलं, आणि त्यांनीच माझं नाव खतवाल्यांना, बियाणेवाल्यांना सांगितलं. मी कुठे जाहिरात केली नाही. एका विषयातले लोक कसे बोलतात हे आपल्याला नीट कळलं की त्या विषयाचं काम आपल्याला शोधत येतं.

आता पैशाचं. खरं तर सगळं अडतं ते इथेच. 'मानधन' हा आपला शब्द ऐकायला गोड आहे, पण त्याने लिहिणाऱ्यांचं फार नुकसान केलंय. सुतार काम बघतो, दर सांगतो, मग करवत हातात घेतो. लेखकाला मात्र दर विचारायची समोरच्याला चोरी आणि सांगायची लेखकाला चोरी. मीही तशीच होते. एका प्रकाशकासाठी दोनशे पानांचं पुस्तक भाषांतरित केलं, केवळ तोंडी बोलण्यावर. "बघू हो, आपलं घरचंच काम आहे," एवढंच ठरलं होतं. चौदा महिन्यांनी पैसे आले, तेही माझ्या अपेक्षेच्या निम्मे. भांडायला माझ्या हातात एक ओळसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मी आधी दर सांगते. शब्दाला किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कधी देणार, पैसे किती दिवसांत, हे सगळं ई-मेलवर. मोठं काम असेल तर तिसरा हिस्सा आगाऊ. हक्कांचंही तसंच. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. समोर आलेल्या कागदावर 'कायमस्वरूपी' असं लिहिलंय का, हे सही करण्याआधी बघायचं. 'उद्यम' नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यायची, तिला एक रुपयाही लागत नाही. नोंदणी असली की 2006च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे काम घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर व्याज लागतं. माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी ही ओळ असते. व्याज मागायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, ती ओळ वाचूनच बिलं हलतात. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापला जातो म्हणून कुरकुरत बसू नये, वेळेवर विवरणपत्र भरावं. कर तेवढा होत नसेल तर तो परत मिळतो.

हिशोबही उघडच सांगते. पहिल्या वर्षी मी शब्दाला तीस पैसे घेतले, आज दीड रुपया घेते. दिवसाला चांगले दीड हजार शब्द होतात, म्हणजे सव्वादोन हजार रुपये. पण महिन्यात असे दिवस अठराच मिळतात. उरलेले बिलांत, फोनांत, तपासण्यांत आणि आजारपणात जातात. म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास, आणि एखादा महिना अगदी कोरडा. म्हणून नोकरी सोडायच्या आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. मी स्वतः वर्तमानपत्रातली नोकरी सोडली तेव्हा चारच महिन्यांचा होता. पाचवा महिना आईच्या बांगड्यांवर निघाला. त्या सोडवून आणल्या त्या दिवशी मी बँकेच्या पायऱ्यांवर बसून रडले होते.

"पण आता भाषांतर मशीनच करतं की," असंही त्या मुलीने विचारलं. करतं, आणि साध्या मजकुराचे दर त्यामुळे पडलेत, हे खरं आहे. मला हल्ली मशीनने केलेलं तपासायला येतं. ते मी शब्दांवर घेत नाही, तासांवर घेते, कारण चुकीचं वाक्य मोडून पुन्हा उभं करायला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो. लॅटरलची टोकं सोडायची असतात, हे बांधावर जाऊन विचारणारं माणूस अजून लागतंच.

मुलगी जाताना म्हणाली, एका दवाखान्याची माहितीपत्रकं लिहायला मिळताहेत, पण पैशाचं कसं बोलू? आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून चार ओळींचा ई-मेल लिहिला. दर तिनेच ठरवला; मी फक्त 'आपल्याला योग्य वाटेल ते' हे शब्द खोडले. काल रात्री तिचा मेसेज आला: "ताई, पाठवला. विचार करून कळवतो म्हणालेत." मी लिहिलं, दोन दिवस वाट बघ, तोवर दुसऱ्या दोघांना पाठव.